काठाचं पाणी

गोंदियाच्या माणसाचा समुद्र पुरीला आहे. मुंबई महाराष्ट्राची खरी, पण गोंदियाहून रेल्वेने ती साडेनऊशे किलोमीटरांहून लांब. कोकण तर त्याच्याही पलीकडे. उलट अहमदाबादहून पुरीला जाणारी गाडी गोंदिया स्टेशनात थांबते. तिच्यात बसायचं, छत्तीसगड मागे टाकायचं, जगन्नाथाचं दर्शन घ्यायचं आणि मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटांत उभं राहायचं, हा इथल्या घरांचा जुना क्रम आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या पोराला समुद्र म्हटलं की अलिबाग नाहीतर तारकर्ली आठवते. गोंदियाच्या पोराच्या जिभेला पहिलं खारं पाणी बंगालच्या उपसागराचं लागतं. जिल्ह्याचं पाणीही तिकडेच जातं म्हणा. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला.

पुरीच्या किनाऱ्यावर शंकूच्या आकाराची वेताची टोपी घातलेले नोलिया दिसतात. हे मूळचे आंध्रच्या किनाऱ्यावरचे, घरात तेलुगू बोलणारे मासेमार. समुद्रात उतरायला घाबरणाऱ्या भाविकांना हात धरून लाटेपर्यंत नेणं आणि परत आणणं, हे काम ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. कोणती लाट अंगावर घ्यायची, कोणती खालून जाऊ द्यायची, पायाखालची वाळू कुठे सरकते, हे त्यांना शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. जाळं ओढताना ते अंगात भिनतं. पुरीपासून जवळच, कोणार्ककडच्या रामचंडी किनाऱ्यावर २०१२ पासून काही वर्षं भारतीय सर्फ महोत्सव भरला. तिथे फळ्या घेऊन आलेले शहरी तरुण जे नव्याने शिकत होते, त्याचा पाया नोलियांना आधीपासून ठाऊक होता.

सर्फिंगचं शास्त्र तसं सोपं आहे. खोल समुद्रात लाट फुटत नाही, ती नुसती सरकत राहते. किनाऱ्याजवळ तळ वर येऊ लागला की लाटेचा पाय अडतो, माथा पुढे झुकतो आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीवर आली की लाट फुटते. फळीवर उभं राहणारा माणूस त्या फुटण्याच्या काठावर घसरत असतो. म्हणजे हा सगळा खेळ उथळ पाण्याचा आहे. तळाशी वाळूचा बांध कुठे आहे, खडक कुठे आहे, यावर लाट कशी वळेल ते ठरतं. ज्याला तळ माहीत त्याला लाट माहीत.

म्हणूनच भारतात हा खेळ जिथे रुजला तिथे तो मासेमारांच्या पोरांनी उचलला. कर्नाटकात मुल्कीला जॅक हेब्नर या अमेरिकी संन्याशाने २००४ मध्ये मंत्रा सर्फ क्लब सुरू केला. ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून तो ओळखला गेला. पण खेळाला भारतीय चेहरा मिळाला तो चेन्नईजवळच्या कोवलममध्ये. मूर्ती मेगवन हा तिथला मासेमार तरुण स्वतः शिकला, गावातल्या पोरांना शिकवू लागला आणि २०१३ पासून त्या छोट्या गावात स्पर्धा भरू लागल्या. पहिल्या वर्षी क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्स तिथे फळीवर उभा राहिलेला लोकांनी पाहिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली, तेव्हा कर्नाटकच्या रमेश बुदिहाळने पुरुषांच्या खुल्या गटात कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. कोवलममध्ये ज्यांची घरं किनाऱ्यावर होती, त्यांच्याच हातात किनाऱ्याचा नवा धंदाही आला. पर्यटनाच्या इतिहासात असं फार वेळा घडत नाही.

गोंदिया जिल्ह्यात समुद्र नाही, लाटही नाही. तरीही पाण्याच्या काठावर वसलेलं, पाण्यामुळेच नाव झालेलं आणि पाणी बघायलाच लोक येतात असं एक छोटं गाव आहे: नवेगावबांध.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या गावाला लागून जो तलाव आहे तो सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा. इंग्रजांच्या गॅझेटियरने त्याचा घेर सतरा मैल नोंदवला आहे. पारावर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलं तर पाण्यापलीकडे टेकड्या आणि टेकड्यांवर जंगल. वारा सुटला की पाण्यावर हातभर लाटा उठतात आणि काठाच्या गवतात येऊन विरून जातात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे निसर्गाचं सरोवर वाटतं. ते माणसांनी बांधलेलं आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही आणि सांगितल्यावरही लगेच पटत नाही.

बांधणारे कोहळी. त्यांची आख्यायिका अशी की, एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे पाण्याचं काम जाणणारी ही माणसं त्याच्या नजरेत भरली आणि तो त्यांना आपल्या मुलखात घेऊन आला. जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमीन आणि गावाचा मान मिळायचा. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला असं परंपरा सांगते. आजूबाजूच्या टेकड्यांना सातबहिणींचं नाव आहे. टेकड्यांच्या सोंडा जिथे एकमेकींच्या जवळ येतात, नेमक्या त्या फटी मातीच्या पारांनी बुजवायच्या, बाकीची भिंत डोंगराने द्यायची, अशी ही रचना. कमीत कमी माती, जास्तीत जास्त पाणी. त्या काळी लेव्हल मोजायची दुर्बीण नव्हती. पावसाळ्यात पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठे वळतं, हे काही वर्षं डोळ्यांनी बघायचं आणि मग कुदळ मारायची. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माणसाने हे काम बघून दोन मिनिटं गप्प बसावं, असं माझं मत आहे.

भंडारा आणि गोंदिया (१ मे १९९९ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता) तलावांचा मुलूख म्हणून ओळखला जातो तो अशा हजारो तलावांमुळे. गावाचा मोठा तलाव, त्याच्या खाली शेतातल्या लहान बोड्या, मग धानाच्या बांध्या. वरचं पाणी खालच्याला भरत जातं. पोवार, कोहळी, गोंड, कुणबी सगळ्यांचं धान यावर पिकायचं. कोहळ्यांचा ऊसही. पुढे भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या काळात गावांचे मालगुजार झाले आणि तलावांना ‘मालगुजारी तलाव’ हे नाव पडलं. देखभाल मात्र गावानेच करायची होती. उन्हाळ्यात पार दुरुस्त करायला घराघरातून माणूस यायचा.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती, याबद्दल वाद नाही. पण तलाव सरकारकडे गेले तसे ते खात्यांमध्ये वाटले गेले. १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेला, सभोवतालचं जंगल वनखात्याला, काठावरची बाग आणि विश्रामगृह पर्यटनाला. प्रत्येक खात्याला तलाव दिसतो, पण वेगवेगळा. पाटबंधारेवाल्याला दशलक्ष घनमीटर दिसतात, मत्स्यखात्याला किलो दिसतात, पर्यटनाला ‘व्ह्यू पॉइंट’ दिसतो. काठ कुणाच्याच रकान्यात बसत नाही.

आणि या तलावांचा जीव तर काठातच आहे.

मोठ्या तलावात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो तो फक्त उथळ भागात. तिथेच पाणवनस्पती मुळं धरतात. कमळ, देवधान म्हणजे पाण्यातलं रानटी भात, तळाशी पसरणारी शेवाळासारखी दाट झुडुपं. मरळ मासा या गवतातच घरटं करतो. पिल्लं बाहेर पडली की लालसर ठिपक्यांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि त्याच्या खाली नर-मादी पहारा देत असतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो आणि मादी निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं बापाचं काम. जांभळी पाणकोंबडी देठ सोलून खाते. हिवाळ्यात हिमालयापलीकडून पट्टकादंब आणि नाना जातींची बदकं येतात. त्यातली बरीचशी डुबकी मारून किंवा मान बुडवून याच उथळ पट्ट्यात चरतात. तलावाच्या मधल्या खोल पाण्याला या सगळ्या संसारात फारसं स्थान नाही.

हे काठाचं पाणी कोण ओळखतं? इथले मासेमार ढीवर. कोहळ्याने तलाव बांधला, ढीवर त्यात उतरला. डोंगा, जाळं, गळ, बांबूचे सापळे, शिंगाड्याचं पीक. पावसाचं पहिलं पाणी तलावात शिरलं की कोणता मासा उलट्या प्रवाहात वर चढतो, कोणत्या गवतात कोणाची अंडी असतात, याची बारीक माहिती त्यांच्याकडे असते. पण १९५० नंतरच्या सहकारी संस्थांमध्ये ती माहिती बिनकामाची ठरली, कारण संस्थांना शिकवण्यात आलं ते रोहू, कटला, मृगळ यांचं गणित. हे मोठ्या नद्यांचे मासे. साचलेल्या पाण्यात ते वीण घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण करून दाखवली. देशभर मत्स्यबीज केंद्रं निघाली ती त्या शोधामुळे. शोध मोठा, त्यात शंका नाही. कोट्यवधी लोकांच्या ताटात मासा आला. पण गोंदियाच्या ढीवराला त्यामुळे दरवर्षी बी विकत आणावं लागलं, जे मरळीसाठी, बामासाठी, झिंग्यांसाठी त्याला कधीच आणावं लागलं नव्हतं. गवत खाणारी माशाची जात तलावात सोडली की ती पाणवनस्पती फस्त करते. मग देशी मासा कुठे अंडी घालणार? काठावर बेशरम नावाची झुडपं माजली, कुठे जलकुंभीने पाणी झाकलं. जाळ्यात वजन भरायला तिलापिया आला.

त्यात खोलीकरण. गाळ काढणं चांगलंच. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली तेव्हा गाळ शेतात गेला, पाणीसाठा वाढला, हे अनेक गावांनी अनुभवलं. पण जेसीबी तलावात उतरला की त्याला सोपं पडतं ते काठ उभा कापणं. पाणी मोजायला घनमीटर असतात, उताराला नसतात. तलाव भांड्यासारखा उभ्या कडांचा झाला की पाणी वाढतं आणि काठ संपतो. गुरांना पाण्यापर्यंत जाता येत नाही, सारसाला पाय टेकायला जागा राहत नाही, पाणवनस्पतींच्या मुळांना प्रकाश मिळत नाही. कागदावर मात्र तलाव सुधारलेला असतो.

याच्या उलट दिशेने झालेलं एक काम अर्जुनी मोरगाव परिसरात बघायला मिळतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर अनेक वर्षं ढीवरांसोबत तलावांचा अभ्यास करत आले. त्यांनी नवं शास्त्र आणण्याआधी जुनं विचारून घेतलं. कोणत्या वनस्पती होत्या, कोणत्या गेल्या, कोणता मासा कशावर जगतो. मग पद्धत ठरली ती जवळजवळ शेतकऱ्याची. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या तळातली बेशरम मुळासकट काढायची, जमीन नांगरायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती तिथे लावायच्या. धानाची रोवणी करणाऱ्या बायांना हे काम नवं नव्हतं. गुडघाभर चिखलात वाकून रोप खोचणं त्यांच्या हातालाच बसलेलं. फरक एवढाच की ही रोवणी माशांसाठी होती. निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्यासारख्या ढीवर बायांनी हे काम उचललं, बचत गट केले. ढीवरांच्या बाया मासे विकत आल्या आहेत, पण संस्थांच्या कारभारात त्यांचं नाव क्वचितच असायचं. तलावात झाडं लावायला उतरल्यावर त्या तलावाबद्दल बोलायलाही लागल्या, ग्रामसभेत आणि सरकारी कचेरीतही. सुधारलेल्या तलावांत देशी मासे परत दिसू लागले, आणि पक्षीही.

सारसाची गोष्ट याहून अवघड. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच टिकून आहे. त्याची संख्या गेल्या काही वर्षांत चाळिशीच्या आतच आहे. तो घरटं करतो धानाच्या बांधीत, बोडीत, तलावाच्या उथळ कडेला. पेंढा आणि गवताचा ढीग, त्यावर दोन अंडी, महिनाभर उबवणं. शेतकऱ्याच्या दृष्टीने म्हणजे बांधीचा एक तुकडा हंगामभर बाजूला ठेवायचा. ‘सेवा’ या संस्थेच्या सावन बहेकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना यासाठी राजी करण्यात वर्षं घालवली. उच्चदाब वाहिन्यांच्या तारांना धडकून सारस मरू लागले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. परसवाड्यासारख्या तलावाकाठी आज सारस बघायला माणसं येतात. सारस बघायला वाघासारखी जिप्सी लागत नाही. शेताच्या बांधावर थांबायची तयारी हवी, आणि ज्याचं शेत आहे त्याला आधी विचारायचं सौजन्य.

नवेगावबांधला लेखकांनी आधी गाठलं, पर्यटकांनी नंतर. वनाधिकारी मारुती चितमपल्ली इथे राहिले आणि त्यांच्या लेखनातून हा तलाव मराठी घरांत पोचला. त्यांना पाखरांची ओळख करून देणाऱ्यांत इथले माधवराव पाटील डोंगरवार होते. एके काळचा शिकारी, नंतर त्याच जंगलाचा राखणदार. चितमपल्लींची खरी कमाई म्हणजे त्यांनी वनखात्याच्या वर्दीत असूनही आदिवासी आणि ढीवरांकडून शिकायला लाज बाळगली नाही. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, पद्मश्री जाहीर झाल्यानंतर काही महिन्यांतच. त्यांची पुस्तकं वाचून नवेगावला येणारे आजही भेटतात. पुस्तकातलं जंगल शोधत फिरतात आणि थोडे हिरमुसून परततात, कारण मधल्या काळात बरंच बदललं.

१९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे १३४ चौरस किलोमीटरचं. डिसेंबर २०१३ मध्ये नागझिरा, नवीन नागझिरा, कोका आणि नवेगाव मिळून महाराष्ट्रातला पाचवा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६५४ चौरस किलोमीटर. वाघामुळे नाव झालं, प्रवेशद्वारं आली, गाइड म्हणून स्थानिक पोरं लागली, हे चांगलंच. पण वाघाच्या हिशेबात तलाव मागे पडला. बाग, लॉगहट, बोटिंग अशी टप्प्याटप्प्याने हौस होत राहिली, आणि बोटिंग कधी सुरू, कधी बंद. नक्षलप्रभावित जिल्हा हा शिक्का होता तेव्हा पुण्या-मुंबईचा पाहुणा इकडे फिरकत नसे. आता येतो, पण सफारीपुरता. सकाळी जिप्सी, दुपारी झोप, संध्याकाळी जिप्सी, मधल्या वेळात तलावासमोर एक फोटो.

एक आडवळण घेतो. नवेगावपासून थोड्याच अंतरावर, इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे, १९७२ च्या सुमारास वसलेली. तिबेटच्या पठारावरची माणसं विदर्भाच्या उन्हात धान पिकवायला शिकली आणि थंडीत स्वेटर विकायला देशभर जाऊ लागली. पट्टकादंब दर हिवाळ्यात तिबेटाकडून इथल्या पाण्यावर उतरतो आणि मार्चमध्ये परत जातो. माणसांना ती सोय नाही. नवेगावला येणारा पर्यटक या वसाहतीत सहज जाऊ शकतो, पण सफारीच्या पॅकेजात ती बसत नाही, त्यामुळे फार कमी जण जातात.

नवेगावात आज नेमकी काय उणीव आहे, ते कोवलमकडे बघितलं की कळतं. वाळू आणि लाट तर देशभर आहेत. कोवलममध्ये पाहुण्याला पाण्यात नेणारा माणूस त्याच पाण्यावर जगणारा होता. पुरीचा नोलिया तोच, मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहुण्याला दोरी धरायला देणारा रापणकर तोच. नवेगावात पाहुण्याला पाण्यात नेण्याचा विचार होतो तो स्पीडबोटीच्या भाषेत. अकरा चौरस किलोमीटरच्या शांत पाण्यावर इंजिनाची बोट फिरवली की बदकं उठतात आणि गवतातल्या पिल्लांवर लाटा आदळतात. समुद्राची नक्कल करायची तर ती एवढीच जमते. त्याऐवजी ढीवराचा डोंगा घ्या, काठाकाठाने न्या, कमळात थांबा. मरळीचा लाल थवा कुठे आहे ते दाखवणारा माणूस त्याच डोंग्यात वल्हं मारत असतो. त्याला गाइड म्हणून घडवायला लांबलचक प्रशिक्षण नको. ओळखपत्र, दराचा फलक, जीवरक्षक जाकिटं आणि नियम एवढंच हवं. चार खात्यांनी एका टेबलाशी बसायला हवं. तेवढंच अवघड आहे.

प्रश्न पैशाचाही आहे. संस्थेच्या ठेक्याची रक्कम, बियाणाचा खर्च, माशाचा उतरता भाव यांत ढीवर कुटुंबाचं वर्ष भागत नाही. तरुण पोरं नागपूर-हैदराबादला कामाला जातात. उथळ पाणी ओळखणारी शेवटची पिढी पारावर बसून असताना पर्यटन आराखड्यात ‘स्थानिक सहभाग’ हा शब्द असतोच. त्या शब्दाखाली हॉटेलातला वेटर आणि बागेतला माळी येतात, ढीवर येत नाही.

जायचं तर दिवाळीनंतर जावं. धान कापणीला आलेलं असतं, तलाव भरलेला असतो, परदेशी पाखरं उतरायला लागलेली असतात. आणि गावोगाव मंडई भरते. हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा सण. लेकी माहेरी येतात, दिवसा बाजार, दुपारी दंडार हे लोकनाट्य, रात्री मांडवात नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या मोसमभर एका गावातून दुसऱ्या गावी जात असतात. रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तिकीट काढून, थंडीत चादर पांघरून माणसं बघतात. त्यामुळे पक्षी बघायला दुर्बीण गळ्यात अडकवून पहाटे पारावर आलेल्या पाहुण्याला नाटक बघून परतणारं अख्खं गाव भेटतं. डोंगा सोडायला आलेला ढीवरही त्यातलाच. रात्रभर जागलेला, कालच्या नाटकातल्या खलनायकाबद्दल तावातावाने बोलत असलेला. त्याला चहा पाजावा आणि आधी नाटकाचं विचारावं, पाखरांकडे तो आपोआप येतो.